कोरोनेल्लीच्या पद्धतीचा पृथ्वीगोल: फाका आखणे आणि डकवणे

व्हेनिसच्या विन्चेन्झो कोरोनेल्ली या नकाशाकाराचे (१६५०–१७१८) नाव निघाले की फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यासाठी केलेले, जवळपास चार मीटर व्यासाचे हाताने रंगवलेले दोन गोल आठवतात. करून पाहण्याजोगे मात्र त्याचे १६८८ चे छापील काम: नकाशा बारा उभ्या फाकांत, म्हणजे मधे रुंद आणि दोन्ही ध्रुवांकडे निमुळत्या पट्ट्यांत, छापायचा आणि गोळ्यावर डकवायचा. त्याचा गोल सुमारे ११० सेंमीचा, म्हणून फाका विषुववृत्तावर तोडलेल्या. आपण २० सेंमी धरू. फाक अखंड राहते.

आधी गोळा. कागदाच्या लगद्याचे दोन अर्धगोल लाकडी आसावर जोडा, वर प्लास्टर द्या. ते ओले असतानाच पत्र्यात कापलेल्या १० सेंमी त्रिज्येच्या अर्धवर्तुळाकार खाचेखाली गोळा फिरवत राहा. इथे घाई नको. व्यास अर्धा सेंटिमीटर वाढला तर परीघ १.६ सेंमीने वाढतो आणि तेवढी फट शेवटच्या फाकेपाशी उघडी पडते. वाळल्यावर पातळ सरसाचा हात द्या; नाहीतर प्लास्टर खळीतले पाणी ओढून घेते आणि कागद सरकवायला वावच उरत नाही.

फाकेची लांबी ३१.४ सेंमी, मधोमध रुंदी ५.२४. विषुववृत्तापासून दोन्हीकडे दर १५ अंशांना, म्हणजे २.६२ सेंमीवर, खूण करा. रुंदी १५ अंशांवर ५.०६, ३० वर ४.५३, ४५ वर ३.७०, ६० वर २.६२, ७५ वर १.३६ सेंमी. टोके ८० अंशांवर छाटा, नाहीतर ध्रुवावर बारा टोकांची गुठळी होते. तिथे १.७५ सेंमी त्रिज्येची गोल चकती शेवटी बसवा.

खरा घोळ कागद घालतो. खळ लागली की तो ताणतो, तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त. फाकेमागे एक मिलिमीटर म्हणजे बारा फाकांत १२ मिलिमीटर जादा! म्हणून त्याच कागदाची पट्टी खळ लावून पाच मिनिटे ठेवा, मापा आणि आराखडा त्या प्रमाणात लहान करा. सगळ्या फाकांत तंतूंची दिशा एकच हवी.

गोळ्यावर विषुववृत्त आणि दर ३० अंशांची रेखावृत्ते पेन्सिलीने आखा. गव्हाच्या सत्त्वाची खळ लावून फाक आधी विषुववृत्तावर जुळवा, मग ध्रुवांकडे दाबत जा. उलट केले तर सगळी चूक मधोमध, नेमकी डोळ्यांत भरेल अशी जमते.

रंगवताना कॅलिफोर्निया खंडाला जोडू नका. कोरोनेल्लीच्या नकाशात ते बेट आहे. व्हार्निशआधी जिलेटिनचे दोन पातळ हात द्या. ते नसतील तर व्हार्निश कागदात मुरते आणि तेलकट डाग पडतात, जे मग निघत नाहीत.