गस्तीच्या अहवालात टॉर्पेडोचा दोष कसा ओळखावा

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पाणबुड्यांचे अहवाल वाचताना ‘टॉर्पेडो चुकला’ या नोंदीवर लगेच विश्वास ठेवू नका. मी टूलरूममध्ये तपासणीचं काम करतो. माणसाला बोल लावण्याआधी माल तपासावा, हे माझ्या हाडात मुरलंय. या पाणबुड्यांच्या मुख्य टॉर्पेडोत, म्हणजे मार्क १४ मध्ये, तर तीन दोष एकाखाली एक दडले होते आणि नौदलाचा शस्त्रास्त्र विभाग कप्तानांच्याच नेमाला दोष देत बसला होता.

आधी तारीख बघा. १९४२ चा पूर्वार्ध असेल आणि बुडबुड्यांची रेघ जहाजाखालून जाऊनही स्फोट नसेल, तर खोलीचा दोष धरा, म्हणजे टॉर्पेडो ठरवल्यापेक्षा खोलवर धावला. त्या जूनमध्ये तिथल्या अमेरिकन पाणबुड्यांचे प्रमुख रिअर ॲडमिरल लॉकवूड यांनी ऑस्ट्रेलियात ऑल्बनीजवळ मासेमारीचं जाळं लावून चाचणी घेतली. १० फुटांवर लावलेल्या टॉर्पेडोने जाळं २५ फुटांवर फाडलं!

टॉर्पेडो वाटेतच फुटला असेल, तर संशय चुंबकीय एक्स्प्लोडरवर, म्हणजे जहाजाचं चुंबकीय क्षेत्र ओळखून स्फोट करणाऱ्या यंत्रणेवर घ्या. इथे बंदरही बघायलाच हवं. जून १९४३ मध्ये पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख निमित्झ यांनी तो बंद करायला लावला, पण तो हुकूम पर्ल हार्बरच्या पाणबुड्यांपुरता. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला तिथल्या पाणबुड्यांचे प्रमुख क्रिस्टी यांनी तो पुढेही कित्येक महिने चालू ठेवला.

तिसरा दोष सगळ्यांत फसवा. जहाजाच्या कुशीला पाण्याचा फवारा उडाला, धडक ऐकू आली, पण स्फोट नाही, अशी नोंद दिसली की कोन शोधा. जुलै १९४३ मध्ये टिनोसा या पाणबुडीने तोनान मारू क्रमांक ३ या जपानी जहाजावर तिरके सोडलेले दोन टॉर्पेडो फुटले आणि जहाज थांबलं. मग उभ्या जहाजावर अगदी काटकोनात मारलेले एकामागून एक फुसके निघाले. कप्तान डॅस्पिट यांनी एक टॉर्पेडो तपासणीसाठी राखून परत आणला, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे हवाईत टॉर्पेडो क्रेनने ९० फुटांवरून पोलादी पत्र्यावर टाकून पाहिले, तेव्हा सरळ आदळलेल्या दहापैकी सात फुटलेच नाहीत. धडकेच्या जोराने फायरिंग पिन, म्हणजे स्फोट सुरू करणारी खीळ, वाकून अडकत होती. उपाय हलक्या पिनचा निघाला.

उलट फिरून स्वतःच्याच पाणबुडीवर येणाऱ्या टॉर्पेडोंची गणती मात्र अहवालांवरून करू नका. तो लागलाच तर लिहायला सहसा कोणी उरत नसे. ऑक्टोबर १९४४ मध्ये टँग ही पाणबुडी अशीच बुडाली, नऊ जण वाचले. तिचा अहवाल कप्तान ओकेन यांनी जपानी कैदेतून सुटल्यावर लिहिला.