घड्याळ बघून सायकल चालवा: उन्हाळ्यात घरच्यांसोबत दिवसभराची लांब सफर

उन्हाळ्यात मुलाबाळांना घेऊन लांब सायकलवर निघायचं असेल तर आधी किलोमीटरचा नाद सोडा. थंडीत ‘आज साठ करू’ म्हणणं ठीक आहे. उन्हाळ्यात एकच बघायचं: सकाळी साडेदहाला आपण जिथे असू, तिथे सावली आणि पाणी आहे का? नकाशावर ती जागा आधी शोधा आणि मग मागे मोजत या.

दोन आठवडे आधी

शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो आणि घामातून मीठ कमी जातं. म्हणून रोज थोडा वेळ सगळ्यांनी बाहेर चालवायचं, सुरुवात कोवळ्या उन्हापासून. एसीत बसून आठवडा काढलेला माणूस पहिल्याच दिवशी आडवा होतो, मग तो घरातला सगळ्यात दणकट का असेना.

सरावातच सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा वेग मोजून ठेवा. सराव असलेलं दहा वर्षांचं मूल ताशी १०-१२ किलोमीटरने जात असेल, तर पहाटे साडेपाचला निघून साडेदहापर्यंत, थांबे धरून, पस्तीस ते चाळीस किलोमीटर होतात. हाच तुमचा पल्ला. ‘मी एकटा शंभर मारतो’ हा हिशेब इथे चालत नाही.

आदल्या रात्री

जास्तीची ट्यूब घेताना बहुतेकजण आपल्याच सायकलच्या मापाची घेतात. मुलाचं चाक २० किंवा २४ इंचाचं असतं आणि पंक्चर नेमकं तेच होतं. प्रत्येक मापाची एक ट्यूब घ्या, पंपाचं तोंड प्रत्येक व्हॉल्व्हला बसतंय ना ते लावून बघा. सोल्युशनची नळी एकदा उघडली की वाळत जाते, म्हणून नवीच बांधा. उन्हाने टायर फुटेल या धास्तीने हवा कमी ठेवू नका. तापमान १० अंशांनी वाढलं तरी टायरमधला दाब जेमतेम तीन टक्क्यांनी चढतो. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या मर्यादेत राहा, झालं.

सामान सगळ्यात ताकदवान माणसाच्या कॅरिअरवर लादा, मुलाच्या सायकलला फक्त त्याची बाटली. यामुळे वेगातलं अंतर आपोआप कमी होतं.

बाटल्या अर्ध्या भरून आडव्या फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी वरून पाणी भरा. बर्फ वितळला की बाटलीवर जुना सुती मोजा चढवून तो ओला करायचा. चालत्या सायकलवर वारा लागून मोजा वाळतो आणि पाणी बऱ्यापैकी गार राहतं. दर तासाला मोजा भिजवायचं काम मुलांकडे द्या. ते ती जबाबदारी फार गंभीरपणे घेतात.

रस्त्यावर

एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मुलं मध्ये. मागच्याने फक्त बघायचं आणि बोलत राहायचं.

सायकलवर ऊन कळत नाही, कारण वाऱ्याने घाम लगेच वाळतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ठिबकून खाली पडलेला घाम काहीच नेत नाही, म्हणून दमट हवेत वेग आणखी कमी ठेवायचा. मागे जोडलेल्या गाडीत किंवा सीटवर बसलेल्या छोट्याला तर तुमच्याइतका वाराही मिळत नाही. गाडीचं प्लास्टिक उघडं ठेवा, जाळी लावा आणि प्रत्येक थांब्याला त्याच्या मानेला हात लावून बघा.

दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट, तहान असो वा नसो. पण तासन्‌तास नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडिअम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं. म्हणून मधूनच ओआरएस द्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, छोटा. लघवी गडद पिवळी दिसली की पुढच्या थांब्यावर जास्त वेळ थांबायचं.

सगळ्यात मोठी खूण मात्र वेगळीच असते. आमची मुलगी दर वळणावर ‘अजून किती?’ विचारत होती, मग विचारायची थांबली. मला वाटलं, रमली. थोड्या वेळाने तिची सायकल नागमोडी जायला लागली. थांबवून बाटली हातात दिली, तर झाकण फिरवणंही तिच्या जिवावर आलं होतं. सावलीत आडवं केलं, मानेवर-काखेत ओले पंचे, थोडं थोडं पाणी. तासाभराने तिने विचारलं, ‘अजून किती?’ त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो. कुरकुर करणारं मूल ठीक असतं. गप्प झालं की उतरा.

कोणी असंबद्ध बोलायला लागलं, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अंगात ४० अंशांच्या वर ताप असू शकतो. ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत गार पाणी ओतत राहा, वारा घाला. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. आणि ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ यावर विसंबू नका. पॅडल मारणाऱ्याचं अंग तेव्हाही ओलंच असू शकतं.

दुपार

साडेदहा ते साडेचार सुट्टी. सूर्य बाराच्या सुमारास डोक्यावर असतो, पण जमीन तापत राहते, त्यामुळे हवा सहसा दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत गरम असते. ‘ऊन जरा उतरलंय’ म्हणून तीनला निघणारे इथेच फसतात. जेवा, झोपा. सायकली सावलीत ठेवा, नाहीतर सीटचे चटके बसतात.

संध्याकाळी

सगळ्यांना लघवी झाली असेल, जेवण गेलं असेल, तरच निघा. ऊन गेलं तरी डांबर खालून भाजत असतं, म्हणून दहा-बारा किलोमीटर पुरे. दिवे आधीच लावा.

मुक्कामी पोचलात की कपडे धुवायच्या आधी एकदा बघून घ्या. ज्याच्या शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे जास्त, त्याच्या बाटलीत उद्या सकाळपासून ओआरएस.