‘जरी’ लिहिलंत की ‘तरी’ सोडा: इंग्रजी वाक्यं जोडायची रीत

इंदूरला माझ्याकडे दहावीची मुलं इंग्रजी शिकायला येतात. घरात मराठी, गल्लीत हिंदी, पेपरात इंग्रजी. परवा एका वहीत वाक्य होतं: ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू सराफा.’ लाल पेनाने ‘बट’ला गोल केला, तर मुलगी म्हणाली, “काकू, पण ‘जरी’ला ‘तरी’ नको का?”

तिचं चुकलं कुठे? मराठीत जरी–तरी, हिंदीत हालांकि–लेकिन. दोन्ही भाषांनी तिला जोडीचीच सवय लावलेली. इंग्रजीत मात्र दोन वाक्यांच्या सांध्याला बहुतेक वेळा एकच उभयान्वयी पुरतं. ‘ऑलदो’ ठेवा नाहीतर ‘बट’ ठेवा. ‘बिकॉज’ आणि ‘सो’चंही तसंच.

आधी सोपी जोडणी. फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो हे सात शब्द बरोबरीची वाक्यं जोडतात. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘फॅनबॉइज’ होतो, म्हणून चटकन पाठ होतात. ‘सराफा सेल्स ज्वेलरी बाय डे, बट इट सेल्स फूड अॅट नाइट.’ ‘बट’वर बोट ठेवा. दोन्ही बाजू आपापल्या पायावर उभ्या राहतात ना? मग हे संयुक्त वाक्य, आणि ‘बट’च्या आधी स्वल्पविराम.

आता मिश्र वाक्य. ‘बिकॉज द शॉप वॉज क्लोज्ड’ एवढंच कुणी बोललं, तर आपण “मग?” विचारतो. अशा लोंबकळणाऱ्या तुकड्याला प्रधान वाक्याचा आधार द्यायचा. तुकडा आधी आला तर त्याच्यापुढे स्वल्पविराम. ‘बिकॉज’चा तुकडा नंतर आला तर सहसा नाही.

खरी मेख आपल्या ‘ऊन’ या प्रत्ययात आहे. ‘पोहे खाऊन आम्ही राजवाड्यावर गेलो’ यात उभयान्वयी दिसतच नाही, म्हणून मुलं इंग्रजी करताना अडखळतात. हेच वाक्य तीन प्रकारे होतं.

केवल (एकच मुख्य क्रियापद): ‘आफ्टर ईटिंग पोहे, वी वेंट टू राजवाडा.’

संयुक्त: ‘वी एट पोहे, अँड देन वी वेंट टू राजवाडा.’

मिश्र: ‘आफ्टर वी हॅड ईटन पोहे, वी वेंट टू राजवाडा.’

पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यातला ‘आफ्टर’ दिसायला एकच, काम वेगळं. त्याच्यापुढे कर्ता आणि क्रियापद दोन्ही आले, तरच तो वाक्य जोडतो. वाक्याचा प्रकार बदला, या प्रश्नातले निम्मे मार्क इथेच जातात, असा माझा अनुभव.

दोन खड्डे आणखी. ‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच असतो. ‘घाई केली नाहीस तर बस चुकेल’ म्हणजे ‘अनलेस यू हरी, यू विल मिस द बस.’ तिथे ‘डोन्ट’ घातलंत की घाई केली तर बस चुकेल, असा उफराटा अर्थ होतो! दुसरा ‘इफ’चा. आपण ‘पाऊस आला तर’ म्हणतो, पाऊस अजून यायचाय तरी ‘आला’. इंग्रजीत तिथे साधा वर्तमानकाळ: ‘इफ इट रेन्स, वी विल नॉट कम.’ ‘इफ इट विल रेन’ नको.

जोड्या इंग्रजीतही आहेत, पण ठरलेल्या: ईदर–ऑर, नीदर–नॉर, बोथ–अँड, नॉट ओन्ली–बट ऑल्सो. ‘नीदर–नॉर’मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं: ‘नीदर माय ब्रदर्स नॉर माय सिस्टर लाइक्स जिरावण.’ (जिरावण म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला. इंदुरात राहून तो आवडत नाही, हे वाक्य व्याकरणापुरतंच खरं समजा.) जुन्या पुस्तकांत ‘ऑलदो’च्या जोडीला ‘येट’ही सापडेल, परीक्षेत त्या वाटेला जाऊ नका.

त्या मुलीला मग मी वाक्य दिलं: ‘जिरावण संपलं होतं, तरी आजीने पोहे केलेच.’ बराच वेळ पेन चावून तिने लिहिलं: ‘ऑलदो द जिरावण हॅड रन आउट, आजी स्टिल मेड पोहे.’ आणि लगेच विचारलं, “हा ‘स्टिल’ चालतो?” चालतो. तो क्रियाविशेषण आहे, वाक्य जोडत नाही. तिने त्यात आपला ‘केलेच’मधला ‘च’ बरोबर बसवला होता.