घरासाठी कंप्युटर निवडताना: विंडोज, मॅक, लिनक्स की क्रोमबुक?

घरी नवा कंप्युटर घ्यायचा म्हटलं की पुण्यात सल्ल्याला तोटा नसतो. भाचा म्हणतो मॅकच घ्या, ऑफिसातला मित्र म्हणतो विंडोजशिवाय पान हलत नाही, आणि सोसायटीत एक तरी लिनक्सवाला, म्हणजे फुकट मिळणारी लिनक्स ही सिस्टिम वापरणारा, असतोच. प्रत्येक जण आपापल्या कामाचं सांगत असतो. तुमच्या घरात काय चालतं, हे कुणीच विचारत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

पहिली पायरी. घरातला प्रत्येक जण काय काय वापरतो ते कागदावर लिहा. ‘साधं काम’ असं लिहू नका, प्रोग्रॅमचं नाव लिहा.

दुसरी पायरी. त्यातली अडणारी नावं शोधा. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट या डिझाइनच्या प्रोग्रॅमचंही तेच. नकाशे-आराखडे काढायचं ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण विंडोजवरच्या सगळ्या सोयी त्यात नाहीत. मुलाला किंवा मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला असेल तर आधी विभागाकडून सॉफ्टवेअरची यादी मागा, लॅपटॉप नंतर. ‘मॅक घेऊ आणि त्यातच विंडोज टाकू’ हा सल्ला आता जुना झाला. २०२० पासून आलेल्या, ॲपलच्या स्वतःच्या एम चिपच्या मॅकवर बूट कँप, म्हणजे मॅकमध्ये विंडोज बसवायची ॲपलची सोय, नाही. दुसऱ्या मार्गाने विंडोज चालवता येतं, पण अख्ख्या डिग्रीचं काम त्या भरवशावर टाकू नये. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं, म्हणजे मेल, बँक, यूट्यूब, रेल्वेचं बुकिंग, त्यांना चारही पर्याय खुले आहेत, मुख्यतः ब्राउझरवरच चालणारं गूगलचं क्रोमबुकसुद्धा.

तिसरी पायरी म्हणजे जुन्या मराठी फाइल. या पायरीने मला सगळ्यात जास्त दमवलं आहे, आणि दुकानात याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

कोथरूडच्या एका काकांनी घरचा विंडोज पीसी सोडून मॅक घेतला. वर्षानुवर्षं सोसायटीचे सेक्रेटरी. पेन ड्राइव्ह लावून वार्षिक सभेचं इतिवृत्त उघडलं, तर ‘सभासद’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरं, डोक्यावर टिंबं असलेले स्वर आणि मधेच एक टक्क्याचं चिन्ह. ‘अहो, माझी सगळी इतिवृत्तं गेली!’ म्हणून त्यांचा फोन. काका, गेलं काहीच नाही. श्री-लिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम ही मराठी टायपिंगची जुनी सॉफ्टवेअर वापरून जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुरात मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं दुसरंच चिन्ह, आणि फाँट त्यावर मराठी आकार चढवतो. फाँट नसला की खालचं चिन्ह उघडं पडतं. ही दोन्ही सॉफ्टवेअर पुण्यातच घडलेली आहेत, म्हणूनच इथल्या घराघरांत, छापखान्यांत आणि संस्थांच्या कपाटांत अशा फाइलींचे ढीग आहेत. युनिकोड या आजच्या जागतिक पद्धतीत मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे तो मजकूर कुठेही मराठीच राहतो.

तपासणी सोपी आहे. जुन्या फाइलमधला एक परिच्छेद कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. फोनवर मराठी दिसलं तर युनिकोड, निश्चिंत राहा. कचरा दिसला तर जुना फाँट. हे जुन्या मशीनवर, नवं घेण्याआधी करायचं. ‘तो फाँट नव्या मशीनवर टाका, झालं’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. मजकूर दिसेलही, पण तुम्ही नेहमीसारखा मराठी शब्द टाइप करून शोधलात तर सापडणार नाही, आणि मेलमध्ये पाठवलात की समोरच्याला पुन्हा कचराच.

उपाय एकच, युनिकोडमध्ये रूपांतर. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण मूळ फाँट कोणता हे अचूक सांगावं लागतं. मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. रूपांतर झालं की तीन गोष्टी डोळ्यांनी तपासा: पहिली वेलांटी, रफार, आणि ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ यांतला ऱ्या. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे ती हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसते. हिशेबाचे आकडे मूळ कागदाशी ताडून पाहा. एवढं करायला वेळ नसेल तर सरळ विंडोजवरच राहा, त्यात कमीपणा काहीच नाही.

टायपिंगचंही याच वेळी बघा. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे आहे. ज्यांची बोटं मराठी टाइपरायटरवर तयार झाली, त्यांच्यासाठी माझं स्पष्ट मत विंडोज. जीएसटी किंवा कंपनीच्या कामासाठी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असेल तर ते तुमच्या निवडलेल्या मशीनवर चालतं का, हे टोकन देणाऱ्याकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालेल हो’वर जाऊ नका.

चौथी पायरी, अपडेट किती वर्षं मिळतील. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळपास सगळे प्रोसेसर बाद होतात. ‘जुन्यात ११ टाकून देतो’ म्हणणाऱ्याकडून सेकंडहँड घेऊ नका. इंटेल चिपचा जुना मॅक स्वस्त मिळाला तरी नको, मॅकओएस २६ च्या पुढची आवृत्ती कुठल्याच इंटेल मॅकला मिळणार नाही. क्रोमबुकला दहा वर्षं अपडेट मिळतात, पण ती मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. आणि घरातला जुना पीसी भंगारात देऊ नका. त्यावर लिनक्स मिंट ही लिनक्सची सोपी आवृत्ती टाका. आजी-आजोबांना बातम्या, भजनं आणि व्हिडिओ कॉलसाठी ते उत्तम चालतं. लिनक्स अवघड असतं हे जुनं पालुपद आहे.

पाचवी पायरी. सोळा जीबी रॅम आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण), याखाली उतरू नका. मॅकची रॅम नंतर वाढवता येत नाही, तेव्हा घेतानाच विचार करा. डेस्कटॉप घेत असाल तर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे धरून यूपीएसचे पैसे बाजूला ठेवा.

सहावी पायरी. विकत घेण्याआधी मशीनवर अर्धा तास बसा. कोरेगाव पार्कात सप्टेंबर २०२५ पासून ॲपलचं स्वतःचं दुकान आहे. विंडोजची मशीन कुठल्याही मोठ्या शोरूममध्ये मांडलेली असतात. कीबोर्डवर दोन परिच्छेद मराठी टाइप करून पाहा.

नवं मशीन आलं तरी जुनं लगेच विकू नका. मार्चअखेरचे हिशेब आणि रिटर्न नव्यावर एकदा पूर्ण होऊ द्या, मग जुन्याची डिस्क पुसून ते बाहेर काढा.