बोनमॅरोच्या प्रोसिजरला जायच्या आधी (दादाच्या खुब्यावरनं शिकलेलं)

आधार कार्ड, जुन्या फायली, सोबतीला एक माणूस, हे सांगायला नको. पण गोळ्या! आधी गोळ्यांचं बघा.

दादा बेळगावच्या वडगावात पॉवरलूमवर. स्टिरॉइड बरेच दिवस घेतल्यानं उजव्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडलेला, एव्हीएन. कमरेच्या मागच्या हाडातून मॅरो, म्हणजे हाडातला मगज, ओढायचा, मशीनमध्ये फिरवून घट्ट करायचा आणि खुब्याला भोक पाडून आत सोडायचा, सगळं एकाच दिवशी. उपयोगाच्या स्टेम सेल, म्हणजे नवं हाड तयार करू शकणाऱ्या पेशी, मॅरोच्या दहा हजार पेशींत जेमतेम एखादी, म्हणून घट्ट करायचं. आम्ही पहाटे निघालो, उपाशीपोटी, सगळं व्यवस्थित, आणि नर्सनं विचारलं काय खाताय तर दादानं शर्टाच्या वरच्या खिशातनं डायक्लोफेनॅकची, म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्यांची, चुरगळलेली पट्टी काढली, चार गोळ्या संपलेल्या. तारीख रद्द. मेडिकलमधनं स्वतःच आणायचा, मला पत्ताच नाही. सात दिवस आधी बंद करायला सांगितलेलं मी ऐकलेलं, पण त्याचे खिसे बघितले नाहीत.

या गोळ्या सूज दाबतात, आणि भरून यायचं काम सुरू होतं ते सुजेपासूनच, शिवाय रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेटही ढिल्या पडतात. त्यामुळं खिसे, उशी, लूमवरचा डबा, सगळं तपासा. दुखलंच तर पॅरासिटामॉल चालेल का ते डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती मात्र आपल्या मनानं बंद करू नका, तेही त्यांनाच विचारा.

तारीख घ्यायच्या आधी ताजा एमआरआय. खुब्याचा गोळा चपटा झाला असेल तर याचा फारसा फायदा नाही, सांधाच बदलावा लागतो.

दुसरं, आपल्याकडं स्टेम सेलला मान्यता आहे ती मुख्यतः रक्ताच्या आजारांत बोनमॅरो ट्रान्सप्लांटला. खुब्यात असा मॅरो सोडणं हे अजून ट्रायलच, म्हणजे चाचणी. सीटीआरआय नंबर, म्हणजे ट्रायलचा सरकारी नोंदणी नंबर, मागा, घरी येऊन वेबसाईटवर बघा. ट्रायलला पेशंटकडनं पैसे घेत नाहीत, कुणी लाखांचं पॅकेज सांगितलं तर सरळ उठून या. संमतीचा फॉर्म कन्नड नायतर इंग्रजीत पुढं करतात, दादाला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही. मराठीत मागा, आपल्याला कळेल अशा भाषेत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. गडबडीत सही करू नका.

आणि परत सांगते, आदल्या रात्री गोळ्या विचारा. "काय नाही घेतलं" म्हणाला तरी खिसा बघा.

नंतरचं थोडक्यात. कुबड्या आधीच आणून ठेवा, पायावर वजन कधी टाकायचं ते डॉक्टर सांगतील. खुर्चीचा कमोड, उकिडवं बसणं बंद. कमरेला काळंनिळं होतं, घाबरू नका. ताप किंवा पू आला तर लगेच फोन. घरी आल्यावरही ती डायक्लोफेनॅक नाहीच, डॉक्टर म्हणेपर्यंत नाही.