पीआरएन गोळ्या: या चुका टाळा

अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे कायम काळजी लागणाऱ्या, बहुतेक वृद्ध माणसांच्या निवासी संस्थेत, प्रत्येक रहिवाशाची औषधं दर महिन्याला फार्मासिस्टने तपासायची असतात. ते काम मी करते. सगळ्यात जास्त सापडणारी चूक एकच: हॉस्पिटलमधून आलेली लोराझेपामची (शांत करणारी, गुंगी आणणारी गोळी) पीआरएन ऑर्डर, म्हणजे 'लागेल तेव्हा द्या', जशीच्या तशी उतरवलेली आणि शेवटची तारीख कोरी.

नोव्हेंबर २०१७ पासून मनावर काम करणाऱ्या पीआरएन औषधांना १४ दिवसांची मर्यादा आहे. लोराझेपाम पुढे चालवायचं तर डॉक्टरांनी कारण आणि मुदत लिहायला हवी. हॅलोपेरिडॉल, क्वेटियापिनसारख्या अँटिसायकोटिकला (भ्रम, भास यांसारख्या गंभीर मानसिक आजारांवरची औषधं) तेवढंही पुरत नाही. डॉक्टरांनी रुग्णाला स्वतः तपासल्याशिवाय नवी ऑर्डर नाही. हॉस्पिसच्या, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या, रुग्णांनाही यातून सूट नाही. म्हणून ऑर्डर घेतानाच तारीख टाका. 'नंतर बघू' म्हटलं की ते राहतंच.

दुसरी चूक मला जास्त छळते: कारण न शोधता गोळी देणं. एका ठिकाणी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेले आजोबा रोज दुपारी ओरडत, खुर्चीतून उठू पाहत. नोंद ठरलेली: 'अस्वस्थ, लोराझेपाम दिलं, शांत झाले.' मी नुसत्या वेळा एकाखाली एक लिहिल्या. सगळ्या तीन ते चारमधल्या. फ्युरोसेमाइडचा (लघवी वाढवणारं औषध) दुसरा डोस दोनला आणि शिफ्ट बदलायची तीनला. आजोबांना लघवीला जायचं होतं आणि नेमकं तेव्हाच न्यायला कोणी नसायचं! डॉक्टरांनी तो डोस दुपारी बाराला आणला, एड (मदतनीस) पावणेतीनला त्यांना बाथरूमला नेऊ लागली आणि लोराझेपाम बंद झालं. तोवर माणूस संध्याकाळभर गुंगीत, जेवण अर्धवट. याचा मला आजही राग येतो. नवीन नर्सेसना घाई असते हे मला कळतं, पण आधी लघवी, शौच, दुखणं, भूक आणि कानातलं मशीन बघा. पाच मिनिटं लागतात.

नुसतं 'अस्वस्थ' लिहू नका. काय केलं, काय म्हणाले, आधी कोणते उपाय केले आणि गोळीनंतर तासाभराने काय दिसलं ते लिहा.

लोराझेपामवर प्रश्न आले म्हणून झोपवायला डायफेनहायड्रामिन (झोप आणणारं ॲलर्जीचं औषध) देणं ही पळवाट आहे. म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ त्याने वाढतो, लघवी तुंबते.

डिमेन्शियात अँटिसायकोटिकने मृत्यूचा धोका वाढतो. एफडीएचा (अमेरिकेची औषध नियामक संस्था) तसा ठळक इशारा नव्या अँटिसायकोटिकवर २००५ पासून आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांवर २००८ पासून आहे. पहिल्या डोसआधी घरच्यांना हे सांगा, आणि सांगितल्याची नोंद त्याच दिवशी करा.