बदकाचं एकच पिल्लू निघालंय? मग कोंबडीचं शहाणपण बाजूला ठेवा

आमच्या वाळव्याकडं बदकाची अंडी उबवायची म्हणजे खुडूक कोंबडीखाली ठेवायची, सगळे तेच करतात. जानेवारीत मीपण केलं, सहा अंडी बदकाची, चार कोंबडीची, एकाच पाटीत एकाच दिवशी. इथंच घोळ झाला. कोंबडीच्या अंड्याला लागतात २१ दिवस, बदकाच्या अंड्याला २८ (मस्कोव्ही जातीचं बदक असेल तर ३५). एकविसाव्या दिवशी चार पिल्लं निघाली, बाईसाहेब त्यांना घेऊन उकिरड्यावर चालत्या झाल्या आणि बदकाची अंडी पडली गार. मी उचलून बल्बखाली ठेवली, शेजारी वाटीभर पाणी, आठवडाभर दिवसातनं चार-पाच वेळा फिरवत बसलो, तरी फुटलं एकच.

अंड्याला पहिला तडा गेला की पिल्लू पूर्ण बाहेर यायला दीड-दोन दिवस लागू शकतात. हात शिवशिवतात, पण टरफल सोलायचं नाही, आतल्या पातळ पडद्यात अजून रक्त खेळत असतं, फाटलं की संपलं. बाहेर आल्यावर भिजलेल्या उंदरासारखं दिसतं, मान टाकून पडतं, घाबरू नका. बेंबीला काही लोंबत असेल तर ओढू नका, आपोआप वाळून पडतं. खायला घालायची पण घाई नाही, पोटात बलक असतो, पहिला दिवस त्याच्यावर निघतो. फक्त ऊब पाहिजे.

उबेसाठी मोठा खोका घ्या आणि ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी नको, तो उजेड देतो, ऊब देत नाही. बल्ब खोक्याच्या एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला दुसरीकडं सरकता येतं. वायरवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं वेगळा बांधा, खोका पेटायला वेळ लागत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीला साधारण ३२ डिग्री, मग दर आठवड्याला तीन-एक डिग्रीनं कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लूच सांगतं: बल्बखाली दबून चिवचिव करत असेल तर थंडी वाजतेय, चोच उघडी ठेवून लांब जाऊन बसलं असेल तर उकडतंय, पाय पसरून निवांत झोपलं असेल तर बरोबर आहे. दहा पिल्लं असली की एकमेकांना चिकटून भागवून घेतात, एकट्याला ती सोय नाही, म्हणून रात्री लाईट गेली तर लगेच उठायचं. मी बाटलीत गरम पाणी भरून ती जुन्या सॉक्समध्ये घालून ठेवायचो, पहाटेपर्यंत एकदा पाणी बदलायला लागायचं. मे महिन्यात सांगलीच्या उन्हात मात्र दिवसा बल्बची गरजच पडत नाही, उलट सावली बघा.

खाली पेपर अंथरू नका. मी अंथरला होता, कोंबडीच्या पिल्लांना तसंच करतो म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर पिल्लाचे पाय दोन्हीकडं फाकलेले, उभंच राहता येईना. गुळगुळीत जागेवर पाय घसरून असं होतं. पहिल्या एक-दोन दिवसात लक्षात आलं तर सुधारतं: दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी घेऊन दोन पाय नेहमीच्या अंतरावर राहतील असे सैल बांधायचे, इंग्रजी आठच्या आकारात, आणि खाली टॉवेल. आमचं तीन दिवसात चालायला लागलं. आता जुना टॉवेल किंवा धुतलेलं गोणपाट वापरतो. आठवड्यानंतर भाताचं तूस चालतं, पण कोरडं. गुऱ्हाळावरचा ओलसर चिपाडाचा भुसा कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, त्यात बुरशी असते आणि ती श्वासावाटे पिल्लाच्या फुप्फुसात जाते.

आता पाणी. बदक असल्यामुळं सगळ्यांना वाटतं पाणी म्हणजे त्याचं घर. आई म्हणाली, "अरे बदकच हाय ते, सोड की बादलीत." सोडलं, दोन मिनिटं पोहलं, मग पिसं भिजून चिंब झाली आणि थरथर कापायला लागलं. कारण असं की पहिल्या दिवसात पिल्लाच्या अंगाला तेल लागतं ते आईच्या पंखाखाली बसून, स्वतःची तेलाची ग्रंथी नीट चालायला तीन-चार आठवडे जातात. आई नसलेलं पिल्लू पाण्यात टाकणं म्हणजे स्वेटर घालून विहिरीत उडी. पहिल्या आठवड्यानंतर कोमट पाण्यात, आपण समोर बसून, दोन-चार मिनिटं, पाय टेकतील एवढंच पाणी, आणि लगेच पुसून बल्बखाली. प्यायचं पाणी मात्र एवढं खोल पाहिजे की चोच नाकपुड्यांसकट बुडेल, त्याशिवाय नाक-डोळे साफ होत नाहीत, आणि पूर्ण पिल्लू आत पडून बुडणार नाही एवढंच. वाटीत दोन-तीन गोटे टाका. खाणं आणि पाणी कायम शेजारी ठेवा, कोरडा भरडा घशात अडकतो, रात्री पाणी काढलं तर खाणं पण काढायचं. आणि हो, तासाभरात सगळा चिखल करून ठेवणार, टॉवेल दिवसातनं दोनदा धुवायची तयारी ठेवा.

खाण्यात सगळ्यात जास्त लोक चुकतात. कोंबडीचं चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) चालतं, साधारण २० टक्के प्रोटीनचं, औषध न घातलेलं मागा, पाण्यात भिजवून द्या. दोन आठवड्यांनी १६-१८ टक्क्यांचं पुरतं. पण बदकाला नायसिन, म्हणजे बी-थ्री, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय वाकडे होतात, सांधे सुजतात, पिल्लू गुडघ्यावर बसल्यासारखं चालतं. नुसत्या मक्याच्या कण्यांवर वाढवलेल्या पिल्लाचं हेच होतं, मक्यात नायसिन असतं पण अंगाला लागत नाही अशा रूपात. ब्रूअर्स यीस्ट मिसळा (पावाचं यीस्ट नाही, ते वेगळं) किंवा बी-कॉम्प्लेक्सचं पातळ औषध पाण्यातनं द्या, डोस जनावरांच्या डॉक्टरला विचारून. बाटलीवर निकोटिनामाइड किंवा नायसिनामाइड लिहिलंय का ते आधी वाचा, मला दुकानदारानं आधी दिलेल्या बाटलीत ए, डी-थ्री, ई आणि बी-ट्वेल्व्ह होतं, बी-थ्रीचा पत्ताच नाही. उकडलेलं अंडं कुस्करून, वाटाणे ठेचून, कोथिंबीर बारीक चिरून, हे वरखर्चाला चालतं. पाव, बिस्किट, कांदा नको.

शेंगदाण्याची पेंड तर अजिबात नको, आपल्याकडं घरोघरी असते म्हणून मुद्दाम सांगतो. पेंडीला, जुन्या मक्याला बुरशी लागली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि त्याला बदकाचं पिल्लू फार लवकर बळी पडतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पटापट मेल्या, सोबत बदकाची पिल्लं पण, ते सगळं बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळं, आणि नंतर हे विष ओळखायला बदकाची एक दिवसाची पिल्लंच वापरत होते. सुट्टं खाद्य अर्धा किलो घेतलं तरी वास घेऊन बघा, कुबट आला तर परत करा.

आणि एकटेपण. हे मला आधी नखरे वाटायचे. पण पिल्लू निघाल्यावर पहिल्या दिवसात जे हलतं-बोलतं समोर दिसेल त्यालाच आई धरतं, आमच्यात ती पाळी माझ्यावर आली. मी खोलीतनं बाहेर गेलो की घसा फाटेपर्यंत ओरडायचं, परत आलो की हळू आवाजात कुरकुर करत माझ्या पायाला चोच लावून झोपायचं. तुम्हाला दिवसभर घरी बसणं जमणार नसेल तर खोक्यात छोटा आरसा बसवा आणि पोरांचं एखादं मऊ खेळणं ठेवा, आमचं आरशाला पाठ टेकून झोपायचं. तरी हा तात्पुरता उपाय, आठवड्याभरात त्याच वयाचं दुसरं पिल्लू बाजारातनं आणा. कोंबडीचं पिल्लू सोबतीला ठेवलं तर बदक पाणी उडवून त्याला भिजवतं, गारठून ते मरू शकतं. पोरांना हात लावू द्या, पण मुके घेऊ देऊ नका, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, साबणानं हात धुवायचे.

पिल्लू घरच्या अंड्यातलं नसेल, नदीकाठी किंवा तळ्यावर सापडलं असेल तर हे काही करू नका. हळदी-कुंकू बदकासारखी रानातली बदकं घरात पाळता येत नाहीत, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, वनखात्याला १९२६ वर फोन करा.

सात-आठ आठवड्यांत पूर्ण पिसं येतात, मग रात्री बाहेर खुराड्यात चालतं, जाळी मात्र बारीक पाहिजे, मुंगूस आणि घूस दोन्ही आहेत आमच्याकडं. त्याच सुमारास आवाज फुटतो: मोठ्यानं 'क्वॅक' केलं तर मादी, घसा बसल्यासारखा आला तर नर. आमचं सकाळी सहाला अख्खी गल्ली उठवतंय, म्हणजे मादी. ती अंडी द्यायला लागली की परत खुडूक बसवणार आहे, फक्त ह्या खेपेला कोंबडीची अंडी आठव्या दिवशी खाली सरकवणार.